आंबोलीच्या घाटातला फोन

"स्पीकरवर टाका की," पाटील म्हणाले.

सावंतवाडीत, मोती तलावाजवळच्या एका खाणावळीत आम्ही जेवत होतो. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. आम्ही जैन. कांदा-बटाटा खातो, पण दिवस मावळल्यावर जेवत नाही, एवढं पाळतो. त्यामुळं दिवसभर सायकल मारून कुठंही पोचलं की अंघोळीच्याही आधी जेवणाची धावपळ असायची, आणि जेवताना मी मिरजेला घरी फोन लावायचो.

मी फोन ताटाशेजारी ठेवून बटण दाबलं.

"जेवलात का?" शालनचा आवाज खाणावळभर पसरला. "दाजी जेवले का? इथं ऊन मी म्हणतंय. दुकानात तो हिरव्या रंगाचा गिऱ्हाईक परत येऊन गेला. म्हणतो, भिंत डागाळली. मी म्हटलं, मालक सायकलवर गेलेत, आले की भिंतीला भेटायला पाठवते."

मी हसलो. पाटील हसले नाहीत. घास हातात तसाच धरून, मान खाली घालून ते ऐकत होते. शालन बोलत असेपर्यंत त्यांनी तो घास तोंडात घातला नाही. फोन बंद झाल्यावर तो ताटात परत ठेवला आणि हात धुवायला उठले.

आदगोंडा पाटील माझे साडू. शालनची थोरली बहीण विजया, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, ही त्यांची बायको. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी झालेला, उंच, काटक माणूस. चाळिशीत मला साखर निघाली तेव्हा त्यांनीच मला सायकलवर बसवलं. "गोळ्या गिळायच्या का पायडल मारायचं, ठरवा," म्हणाले, आणि माझ्या रंगाच्या दुकानात येऊन बसले ते मी हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. मग आमचं वेडच झालं. विजापूर, हंपी, गोवा. मी चढाला रडायचो, ते मागं राहून शिव्या द्यायचे. उतारावर मात्र दोघंही पोरं व्हायचो. घरी आलो की अक्का दारात उभी राहून आधी सायकली बघायची, मग आम्हाला. म्हणायची, "या दोघी ठीक आहेत. तुमचं काय?"

ती गेली त्यानंतर वर्षभर पाटलांनी सायकलीला हात लावला नाही. मग एका जानेवारीत ते दुकानात आले आणि म्हणाले, "मूडबिद्रीला जाऊन येऊ. जाताना बेळगाववरून, येताना समुद्राकाठानं."

माझ्या मनात दुकान होतं. पण शालननं मला बाजूला घेतलं. "जावा त्यांच्याबरोबर," म्हणाली. "एकटं सोडू नका."

जाणं फार छान झालं, हे सांगायला पाहिजे. कर्नाटकातले लांबच लांब सपाट रस्ते, मग घाट उतरून सुपारीच्या बागा, दुपारी ओढ्यात पाय सोडून बसणं. माझ्या मागच्या चाकाचा आरा तुटला, तो बसवून मिळेपर्यंत आम्ही एका गावात अख्खा दिवस कुस्त्या बघितल्या. पाटील जुन्यासारखे बोलायला लागले होते. पण मूडबिद्रीला पोचलो तेव्हा ते बस्तीच्या आत आलेच नाहीत. "तुम्ही दर्शन घेऊन या. मी सायकली सांभाळतो," म्हणाले. एवढे दिवस सायकल मारून ज्या मंदिरासाठी आलो, त्याच्या दाराबाहेर तो माणूस कुलपं लावलेल्या सायकली सांभाळत बसला. मी आत फार वेळ थांबलो नाही.

परतीला लागलो तशी गंमत उलटली. परतताना सायकलवाल्याचे पाय आपोआप जोरात चालतात, घर ओढतं. पाटील दिवसेंदिवस हळू व्हायला लागले. समोरचा वारा होता, खरं, पण वारा मलाही होता. कारवारला ते म्हणाले, आणखी एक दिवस राहू. गोव्यात पंक्चर झालं म्हणाले. मी ट्यूब पाण्यात बुडवून बघितली तर बुडबुडा कुठंच नाही. आम्ही भांडलो. मी म्हणालो, "तुम्हाला घरी जायचं नसेल तर सरळ सांगा." ते ट्यूब पुसून घडी घालत बसले.

आणि रोजचा तो फोन. पहिल्यांदा वाटलं, एकटा माणूस आहे, घरातलं बोलणं कानावर पडलं तर बरं वाटत असेल. पण सावंतवाडीत जेवण झाल्यावर आम्ही तलावाच्या कट्ट्यावर बसलो होतो, दिवे लागत होते, तेव्हा ते म्हणाले, "अजून एकदा लावता का?"

"काय?"

"फोन. काही राहिलं असेल सांगायचं."

"काय राहिलंय? सगळं बोललो की."

"तसं नाही. तिला बोलू दे काही पण."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते. तेव्हा मला ते आठवलं, जे इतके दिवस समोर असून सुचलं नव्हतं. शालन आणि अक्का दिसायला वेगळ्या होत्या, पण आवाज एकच. आमच्या लग्नानंतर घरी टेलिफोन आला तेव्हा मी कित्येकदा फसलोय. पलीकडं अक्का असायची आणि मी बायको समजून बोलायचो, मग दोघी मला चिडवायच्या.

मी फोन लावला नाही. "झोपली असेल," म्हणालो. अजून नीट अंधारही पडला नव्हता. पाटील "असेल," म्हणाले. माझ्या बायकोचा आवाज कुणीतरी दुसरीचा म्हणून ऐकतंय, याचा मला राग आला होता, आणि राग आला याची लाजही वाटली होती.

दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट. सकाळी निघतानाच मी बघितलं की पाटलांनी चहा घेतला नाही. म्हणालो, काय झालं? म्हणाले, पोट जड आहे. दाणोली मागं पडलं आणि चढ सुरू झाला. फेब्रुवारीचा शेवट होता. झाडी होती, पण रस्त्यावर जिथं ऊन पडत होतं तिथं डांबर मऊ लागत होतं. पावसात जिथं धबधबे असतात तिथं नुसता काळा कातळ. माकडं कठड्यावर बसून आमच्याकडं बघत होती.

पाटील मागं राहिले. मी वळणावर थांबायचो, ते दिसले की पुढं निघायचो. एका वळणावर थांबलो आणि ते दिसेनात. बराच वेळ वाट बघितली. मग सायकल वळवून खाली आलो.

दरीच्या कठड्याला सायकल टेकवून ते कठड्यावर बसले होते. भर उन्हात. थोडं पुढं झाडाची चांगली सावली होती, तरी उन्हात. ओठ पांढरे पडले होते आणि अंगावर घाम नव्हता, हे बघून मी घाबरलो. त्यांच्या सायकलीच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

"सकाळपासनं पाणी नाही घेतलं?"

"उपास आहे."

"निर्जळी? घाट चढताना?"

"श्रीपालराव, तुम्ही व्हा पुढं."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो इथं."

"किती वेळ?"

त्यांनी दरीकडं बघितलं. "ते नाही ठरवलं."

मी बाटली काढून त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी दात मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. लहान पोरासारखं नव्हतं ते. शांतपणे, ठरवून मिटलेले दात होते. मी त्यांचं मनगट धरलं. हात तापला होता.

"शेवटी शेवटी विजया बोलत नव्हती, आठवतंय?" त्यांनी विचारलं.

"अशक्तपणा होता."

"अशक्तपणा नव्हता. तुमच्याशी बोलायची. शालनशी बोलायची. भांडीवाल्या बाईला पोरांचं विचारायची. माझ्याशी बोलत नव्हती. मी खोलीत गेलो की डोळे मिटायची."

अक्काला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. तिला आम्ही कावीळ म्हणून सांगितलं होतं. आम्ही म्हणजे सगळ्यांनीच, पण शब्द पाटलांचा होता. त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं, तिच्यासमोर नाव काढायचं नाही.

"तिला कळलं," पाटील म्हणाले. "कुणाकडनं, ठाऊक नाही. तोवर औषधांची गुंगी चढायला लागली होती. एका सकाळी शुद्धीत होती तेव्हा म्हणाली, मला व्रत घेऊन जायचं होतं. आजी गेली तसं. तेवढा वेळ होता माझ्याकडं, आणि तो वेळच माझ्यापासून लपवला. बास. एवढंच बोलली. मग गेली तोवर एक शब्द नाही."

आमच्यात शेवट जवळ आला असं कळलं की काही माणसं अन्नपाणी सोडत सोडत, सगळ्यांची क्षमा मागून, सगळ्यांना क्षमा करून, जाणतेपणी जातात. थोड्यांनाच जमतं. अक्काच्या आजीला जमलं होतं; दर्शनाला गावं लोटली होती, तेव्हा अक्का शाळेत होती. तिच्या मनात ते एवढं खोल असेल हे मला त्या कठड्यावर पहिल्यांदा कळलं.

"घरी जाऊन काय करू?" पाटील म्हणाले. "स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी वाटतं, बोलली. धावत जातो. मांजर असतं." त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटत होते. "तुमचा फोन असतो तेव्हा जरा बरं असतं. ती तुम्हाला रागवते, गिऱ्हाईकाचं सांगते. ऐकलं की वाटतं, दुसऱ्या कुणाशी का होईना, बोलते तरी आहे."

मी रस्त्यावर जाऊन हात केला. एक ट्रक कण्हत वर गेला. तसल्या चढावर भरलेला ट्रक कोण थांबवणार. मागं वळलो तर पाटील एका बाजूला कलले होते. मी धावलो, त्यांना ओढून झाडाखाली आणलं, डोक्यावर पाणी ओतलं. त्यांनी डोळे उघडले, पण कुठं बघत होते कळत नव्हतं. पाणी तोंडाशी नेलं की दात तसेच.

फोन काढला. रेंजची एक काडी होती. मी शालनला लावला आणि तोंडाला येईल तसं सांगितलं. पाणी घेत नाहीत, अंग तापलंय, बसून राहतो म्हणतात, अक्का बोलत नव्हती म्हणतात.

पलीकडनं ती म्हणाली, "स्पीकरवर टाका."

मी फोन पाटलांच्या कानाशी धरला.

"दाजी, मी शालन. पाणी घ्या बघू. ऐकताय ना? दाजी?"

पाटलांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान आवाजाकडं वळवली. डोळे मिटलेले.

"विजू," ते म्हणाले. "आता बोलायला लागलीस होय?"

फोनमधून काहीच आलं नाही. मला वाटलं, कट झाला. बघितलं तर सेकंद पळत होते. शालनचा श्वास ऐकू येत होता. दूर खाली एक गाडी वळणावर हॉर्न देत होती.

"अहो," आवाज आला.

ती मलाही अहोच म्हणते. रोज पन्नास वेळा म्हणते, भाजीच्या पिशवीसाठी, दाराच्या कडीसाठी. पण हे तसलं अहो नव्हतं. जरा खालच्या पट्टीत, शेवटाला थांबून. अक्का दारात उभी राहून हाक मारायची तसं. फोन माझ्या हातात होता, आणि त्यात कोण होतं हे मला ठाऊक असून मी तो जरा लांब धरला.

"अहो, किती वेळ बसायचं असं. उठा. मग डोकं धरून बसाल आणि मलाच चोळायला लावाल."

पाटलांचा हात मातीत काहीतरी शोधत होता.

"मी बोलत नव्हते, तो राग होता. राग किती दिवस धरायचा माणसानं? संपला तो."

"संपला?" पाटलांनी विचारलं. इतक्या हळू, की फोनपर्यंत पोचलं की नाही कुणास ठाऊक.

"संपला," आवाज म्हणाला. मग थोडा थांबला. "उत्तम क्षमा."

पर्युषण संपल्यावर, वर्षातून एकदा आम्ही हात जोडून एकमेकांना हे म्हणतो. वर्षभरात काही चुकलं असेल तर मी मागतो, तुम्ही द्या, तुम्ही मागा, मी देतो. दुकानातले भागीदार म्हणतात, भांडलेले भाऊ म्हणतात, कधी कधी नुसतं तोंडदेखलं. पण शेवटच्या अंथरुणावरनं म्हटलेली उत्तम क्षमा वेगळी. ती मिळाली की मागं राहिलेला माणूस मोकळा होतो, असं आम्ही धरून चालतो.

"आता पाणी घ्या. एकदम नको, घोट घोट. आणि घरी या."

पाटलांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. बराच वेळ बघत राहिले. मग हात पुढं केला. मी बाटली दिली. त्यांनी एक घोट घेतला, खोकले, परत घेतला. "अजून," म्हणाले. मी साखर-मीठ कालवून दिलं तेही प्याले. फोन कधी बंद झाला ते कळलं नाही. तिनंच बंद केला होता.

ऊन कलल्यावर आम्ही सायकली ढकलत घाट चढलो. वाटेत ते एकदाच बोलले. "श्रीपालराव, दिवस मावळायच्या आत जेवायला मिळेल ना वर?" आंबोलीत पिठलं-भात मिळाला. त्यांनी दोनदा भात घेतला. मी नेहमीसारखा फोन काढून ठेवला, तर म्हणाले, "राहू दे आज. दमली असेल ती." कोण, ते मी विचारलं नाही. नंतर बाहेर येऊन लावला, तर शालननं उचलला नाही.

आजरा, गडहिंग्लज, मग घर. त्या दिवसांत पाटील माझ्या पुढं होते.

घरी आलो तेव्हा शालन स्वयंपाकघरात होती. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "तू त्यांचा जीव वाचवलास."

ती पोळी लाटत होती, लाटत राहिली.

"अक्का तुझ्याजवळ बोलली होती होय तसं? राग संपला म्हणून?"

"नाही," ती म्हणाली.

मग तिनं गॅस बंद केला आणि सांगितलं. गुंगी कायमची चढायच्या आदल्या दिवशी अक्कानं सगळ्यांना खोलीत बोलावलं होतं. मी तेव्हा औषधं आणायला गेलो होतो. तिला उशीला टेकवून बसवलं. तिनं एकेकाला हात जोडले, उत्तम क्षमा म्हणाली. शालनला, स्वतःच्या मुलीला, शेजारच्यांना, भांडीवाल्या बाईला. ती बाई आमच्यातली नाही, ती बिचारी भांबावून रडायला लागली. सगळ्यात शेवटी पाटील पुढं झाले. हात जोडून पलंगाशी उभे राहिले. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"ती विसरली नव्हती," शालन म्हणाली. "दमली पण नव्हती. मी तिचं तोंड बघत होते. सगळे बाहेर गेल्यावर मी म्हटलं, अक्का, दाजी राहिले. तर म्हणाली, राहू दे. ते मला जमायचं नाही. मी घेऊन जाते बरोबर."

"तू चांगल्यासाठी केलंस," म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि गॅस पेटवला.

तेव्हापासून शालनचा आवाज लहान झाला. एकदम नाही, पण महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की ती काहीही बोलली की मला परत विचारावं लागतं. मंदिरात बायका मिळून स्तोत्र म्हणायच्या त्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. ती मागं बसून नुसते ओठ हलवायला लागली. घशाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी आत दिवा घालून बघितलं, म्हणाले, काही नाही. फोन घेणं तिनं सोडूनच दिलं. वाजला तर मला आणून द्यायची. मुलगा पुण्याहून लावायचा तर त्यालाही निरोप माझ्याकडनं.

पाटील मात्र सुधारले. आमच्याकडं यायचे, गप्पा मारायचे, पुढच्या दौऱ्याचे नकाशे काढायचे. आम्ही दोघं बदामीला गेलो, श्रवणबेळगोळला गेलो, तिथं ते डोंगर चढून पार पायाशी जाऊन आले. ते आले की शालन चहा ठेवून आत जायची. त्यांनीही तिला कधी हाक मारली नाही. फोन स्पीकरवर टाका, असंही परत कधी म्हणाले नाहीत. घाटातल्या त्या दुपारविषयी आमच्यात अकरा वर्षं एक अक्षर निघालं नाही. मी समजत होतो की त्यांना तेवढं आठवतच नसेल, किंवा आठवत असेल ते अक्काचं बोलणं म्हणूनच. आणि तसंच असावं, असं मला वाटत होतं.

परवा क्षमावणीला, म्हणजे उत्तम क्षमा म्हणायच्या दिवशी, ते आले. आता सत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत, रिक्षानं आले. मंदिरातनं परस्पर. मला हात जोडले, मी जोडले. शालन बाहेर आली, तिनं हात जोडून मान लववली, ओठ हलले, आवाज आला नाही. पाटील तिच्याकडं बघत राहिले. ती आत गेली.

"तिच्या आवाजाला काय झालं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"घसा," मी म्हणालो.

"कधीपासनं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. ते थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"श्रीपालराव, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "ती शालन होती."

मी खुर्ची जवळ ओढली.

"पहिल्यांदा खरंच विजू वाटली. डोकं ठिकाणावर नव्हतं. पण मग अहो म्हणाली. विजू चार माणसांत मला अहो म्हणायची. दार लावलं की आदू म्हणायची. अरे-तुरे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. शालनला ते कुठनं ठाऊक असणार?" ते हसले. "अहो म्हटल्याबरोबर मी शुद्धीवर आलो."

"मग तुम्ही उठलात कसे?"

"ती पोरगी धर्माची किती, तुम्हाला माहिती आहे. विजूनं माझ्यासमोर भिंतीकडं तोंड केलं तेव्हा ती तिथंच उभी होती. सगळं ठाऊक असून तिनं ते तोंडातनं काढलं. कुणी माझ्यासाठी एवढं अंगावर घेतंय आणि मी बसून राहू?"

"तिला सांगायचं होतं. एवढी वर्षं."

"सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं." त्यांनी टोपी घातली. "मला ते लागत होतं, श्रीपालराव. विजूनं दिलेलं नव्हतं, पण दुसरं माझ्याकडं होतं तरी काय?"

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो. मग स्वयंपाकघरात गेलो आणि शालनला सगळं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. मला वाटत होतं, तिच्या छातीवरचा दगड मी उचलतोय. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

"आदू म्हणायची होय," ती शेवटी म्हणाली, नेहमीच्या बारीक आवाजात. "मला कधी बोलली नाही."

"त्यांना कळलं होतं, शालन. तू कुणाला फसवलं नाहीस."

"दाजींना फसवलं म्हणून मी गप्प झाले, असं वाटलं तुम्हाला?"

"मग?"

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं.

"अक्कानं शेवटी एकच गोष्ट स्वतःजवळ ठेवली होती. घेऊन जाते म्हणाली होती. ती मी तिच्या आवाजात देऊन टाकली. दाजी दर वर्षी येतात, हात जोडतात, जातात. मी कुणाला हात जोडू?" आणि मग ती जरा ताठ झाली आणि म्हणाली, "तिच्याकडनं कोण येणार आहे मला उत्तम क्षमा म्हणायला?"

हे शेवटचं ती मोठ्यानं बोलली. कित्येक वर्षांनी, मोकळ्या, भरल्या गळ्यानं. जरा खालच्या पट्टीत, शेवटाला थांबून. मी तिच्या समोर उभा होतो, तिचे ओठ हलताना बघत होतो, आणि तरी मी वळून दाराकडं बघितलं.